आंबट तार

लढाई संपल्यावर मी लष्कराच्या लिलावातली एक पिकअप घेतली. काचेपाशी लावलेल्या गणपतीच्या तसबिरीवर बारीक दिवा लागल्याशिवाय आई तिच्यात पाऊल ठेवीना, म्हणून कोपरगावात एका मिस्त्रीला गाठलं. त्याचं नाव विचारायचं राहूनच गेलं. त्याची जीभ मात्र अजून डोळ्यांपुढे आहे.

तारेतली वीज तो जिभेनं चाखून ओळखायचा. चहा पुढे केला तर म्हणाला, "आदी काम. च्यानं चव जाती."

डोळे मिटून तो एकेक तार चाटत गेला. एका तारेपाशी तोंड वाकडं झालं. "ही आंबट हाय." मग एक फ्यूज काढून तीच तार पुन्हा चाटली. "आता आळणी. म्हंजी ह्याच फ्यूजातून येती. हितंच लावू दिवा."

"पण ही तार आहे कशाची?"

"हार्नची. फ्यूज उडला तर हार्न अन् देव संगंच जातील. मंग तुमीच जपून चालवा."

पुढे बेलापूरच्या वाटेवर गणपती खरंच अंधारला. हॉर्नही मुका झाला. प्रत्येक बैलगाडीमागे मी निमूट थांबत गेलो. एरवी जीव मुठीत धरून बसणारी आई चक्क पेंगली.

उतरताना म्हणाली, "तो दिवा राहू दे रे तसाच."