सायलेंसरवर तिघांची नावं

माझ्या नवऱ्याला माझं बोलणं ऐकू येत नाही, ही तक्रार मी जवळजवळ दोन वर्षं अमेरिकेतल्या आमच्या सगळ्या मॉरिसव्हिल गावाला सांगत होते. बायका हसायच्या, आमच्याकडेही तेच आहे म्हणायच्या आणि विषय बदलायचा. मग एकदा कानाच्या डॉक्टरीणबाईंनी त्याला काचेच्या खोलीत बसवून तपासलं आणि एक आलेख माझ्या हातात दिला. रेघ सुरुवातीला बरी चालली होती आणि मग एकदम उतरणीला लागली होती. त्या उतारावर बोट ठेवून बाई म्हणाल्या, बायकांच्या आणि लहान मुलांच्या बोलण्यातले बरेचसे आवाज इथे येतात. म्हणजे मी दोन वर्षं ज्याला सोंग म्हणत होते, ते सोंग नव्हतंच. मला इतकी लाज वाटली की परत येताना गाडीत मी एक शब्दही बोलले नाही. हे त्याला घरी पोचेपर्यंत कळलं नाही.

कान जायला कारण बंदूक. हे वाक्य मी पुण्याच्या नातेवाइकांना कधी सांगितलेलं नाही, कारण त्यापुढचे प्रश्न मला झेपणारे नाहीत. नवरा मूळचा नागपूरचा. कॉलेजात एनसीसीमध्ये असताना त्याला पॉइंट टू टू रायफलनं नेमबाजीत एक पदक मिळालं होतं. पुढे इंजिनिअरिंग, नोकरी, व्हिसा, ग्रीन कार्ड, घराचे हप्ते यांत तीस वर्षं गेली आणि पदक कपाटातच राहिलं. नागरिकत्व मिळाल्यावर शेजारच्या निवृत्त गृहस्थांनी त्याला एकदा शूटिंग रेंजवर नेलं. परत आला तो नवीन सायकल मिळालेल्या मुलासारखा. मी आठवडाभर डोक्यात राख घालून बसले. शेवटी तिजोरी घ्यायची, तिला कुलूप लावायचं आणि पाहुण्यांसमोर विषय काढायचा नाही, अशा अटींवर रायफल घरात आली.

रेंज म्हणजे एक लांबलचक पत्र्याची शेड. शेजारीशेजारी माणसं उभी राहून कागदाच्या गोलांवर गोळ्या झाडतात. याची रायफल त्यातल्या त्यात गरीब, पण बाजूचे लोक तोफांसारखं काही काही घेऊन येतात आणि पत्र्याखाली तो आवाज घुमतो. उजव्या हातानं नेम धरणाऱ्याचा डावा कान नळीच्या बाजूला असतो, म्हणून डावा आधी जातो, हेही डॉक्टरीणबाईंनी समजावलं. जे गेलं ते परत येणार नाही, उरलंय ते सांभाळा, असं त्या म्हणाल्या.

मी म्हटलं, "सोडून दे. कॅरम घे."

"अगं, आठवडाभर मी मीटिंगमध्ये मान हलवून राहिलो असतो," तो म्हणाला. चिडला किंवा हळवा झाला की त्याच्या तोंडी नागपूर येतं. "रविवारी दोन तास फक्त मी आणि तो गोल. तेवढं राहू दे ना यार."

मला ते समजलं. मलाही आठवडाभर मीटिंगा असतात.

तोडगा त्या निवृत्त शेजाऱ्यांनीच काढला. त्यांच्या भावाची अर्ध्या तासावर शेती होती. मागे मातीचा उंच बांध, गर्दी नाही, दुसऱ्या कुणाच्या बंदुका नाहीत. अडचण एकच, कुंपणापलीकडे भावाचे घोडे चरत आणि आवाजाला बिचकत. रायफलीला सप्रेसर लाव आणि मग हवं तेव्हा ये, असं त्या भावानं सांगितलं. सप्रेसर म्हणजे नळीच्या तोंडाला फिरवून बसवायची एक धातूची नळकांडी. आपण त्याला सायलेंसर म्हणू. पुण्यात पोरं बुलेटचा सायलेंसर काढून टाकतात आणि पोलीस त्यांना पकडतात. इथे तो लावायचा तर सरकारकडे बोटांचे ठसे आणि फोटो द्यावे लागतात, वर दोनशे डॉलर कर. मग परवानगीची वाट बघायची. रायफल घेताना याच्या निम्मासुद्धा त्रास झाला नव्हता. ज्या वस्तूनं आवाज होतो ती पटकन मिळते आणि ज्या वस्तूनं कान वाचतो तिला चौकशी, हे मला आजही पटलेलं नाही.

तरीही तो त्या उन्हाळ्यात अर्ज करायला निघाला होता. गाडीची किल्ली हातात होती. तेवढ्यात मी बातमी वाचली की कायदा बदलला, येत्या जानेवारीपासून सायलेंसरवरचा तो दोनशे डॉलरचा कर शून्य होणार. नोंदणी, ठसे, फोटो तसेच राहणार, फक्त कर जाणार.

आता मी जन्मानं आणि स्वभावानं पुण्याची. दुकानात उद्या सूट आहे हे माहीत असताना आज खरेदी करणारा माणूस मला नीतिभ्रष्ट वाटतो. मी त्याच्या हातातली किल्ली काढून घेतली.

"पाच-सहा महिन्यांचा प्रश्न आहे," मी म्हटलं. "शिवाय मूळ मसुद्यात नोंदणीसुद्धा काढणार होते. कोण जाणे, तीही जाईल."

"आणि तोवर?"

"तोवर कानात बोळे घाल आणि वरून ते हेडफोनसारखे मफ लाव. जगात काय फक्त तुझेच कान आहेत?"

हे वाक्य मी बोलले. ते मला अजून आठवतं.

ऑक्टोबरातल्या एका रविवारी तो रेंजवर होता. मी पोह्यांची तयारी करत होते आणि फ्रिजमध्ये कोथिंबीर नव्हती. मी फोन केला. तो उचलेना म्हणून पुन्हा केला, मग तिसऱ्यांदा. तिसऱ्या वेळी त्यानं उचलला. "येताना कोथिंबीर आण, दोन जुड्या," एवढं म्हणेपर्यंत पलीकडे असा काही दणका झाला की मीच फोन कानापासून लांब धरला. "कसला गोंधळ आहे तिकडे!" म्हणून मी फोन ठेवूनसुद्धा दिला.

तासाभरानं तो दोन जुड्या घेऊन आला, खुर्चीत बसला आणि बसूनच राहिला. फोन घ्यायला त्यानं डावीकडचा मफ वर केला होता आणि बोळाही काढला होता. त्याच क्षणी रेंजवर बाजूला उभ्या असलेल्या माणसानं आपली तोफ झाडली. नवऱ्याच्या कानात दोन दिवस नुसती शिट्टी वाजत होती. डॉक्टरीणबाईंनी गोळ्या दिल्या. महिनाभरानं नवा आलेख काढला, तेव्हा रेघ आणखी खाली बसली होती. उजवीकडची थोडी, डावीकडची बरीच. फोन कुणाचा होता हे त्यानं बाईंना सांगितलं नाही, मलाही कधी ऐकवलं नाही. त्यानं एकदा तरी ऐकवायला हवं होतं. मी तयारी करून बसले होते, पण त्यानं संधीच दिली नाही.

मी म्हटलं, आत्ताच्या आत्ता जाऊन दोनशे डॉलर भरू. तो म्हणाला, आता दोन महिन्यांसाठी कशाला, एवढं थांबलो ना. त्यानं रेंज बंद केली आणि रविवारी गॅरेजमधले स्क्रू आकारानुसार बरण्यांमध्ये भरायला लागला. नोव्हेंबर संपेपर्यंत आमच्याकडे स्क्रूच्या अकरा बरण्या झाल्या होत्या आणि घरात कुणी कुणाशी फार बोलत नव्हतं.

जानेवारीत दुकानात गेलो तेव्हा कळलं की अमेरिकेत पुणेकर माझ्या अंदाजापेक्षा खूपच जास्त आहेत. सगळे थांबले होते. रांग दारापर्यंत आली होती. यातले बरेचसे गोरे, दाढीवाले, टोपीवाले लोक होते आणि कर माफ व्हायची वाट बघून आल्याचं समाधान प्रत्येकाच्या चेहऱ्यावर दिसत होतं. मला एकदम माहेरी आल्यासारखं वाटलं.

आमचा नंबर आला. दुकानदार म्हणजे पोटापर्यंत दाढी असलेला अतिशय शांत माणूस. त्यानं विचारलं, एकट्याच्या नावावर की ट्रस्टच्या? एकट्याच्या नावावर घेतला तर तो नसताना बाकी कुणी त्याला हात लावायचा नाही. ट्रस्ट केला तर ट्रस्टमध्ये नाव असलेला कुणीही वापरू शकतो.

नवरा म्हणाला, "एकट्याच्या."

"थांब," मी म्हटलं.

इथे मला थोडं मागचं सांगायला हवं. माझे मावसकाका अचानक गेले तेव्हा बँकेचा लॉकर त्यांच्या एकट्याच्या नावावर होता. मावशीनं आपल्याच बांगड्यांसाठी दीड वर्ष कचेऱ्यांचे उंबरठे झिजवले. तेव्हापासून आमच्या घराण्यात एकट्याच्या नावावर काहीही घेत नाहीत. माझ्या वडिलांनी मिक्सरच्या वॉरंटी कार्डावरही आईचं नाव घातलं होतं. मी टेस्टर आहे, पुढे काय बिघडेल हे आधी शोधण्याचाच मला पगार मिळतो. त्यामुळे मी आमच्या दोघांची नावं सांगितली आणि मग, आपण दोघंही गेलो तर काय, म्हणून कॅलिफोर्नियात सांता क्लाराला राहणाऱ्या आमच्या मुलाचंही सांगितलं.

 दुकानदार सौम्यपणे म्हणाला की प्रत्येक नावामागे ठसे, फोटो आणि एक फॉर्म लागेल. शिवाय प्रत्येकानं त्या फॉर्मची प्रत आपापल्या गावच्या पोलीसप्रमुखाला पाठवायची. मी म्हटलं, त्यात काय.

संध्याकाळी मुलाला फोन केला.

"आई, वेट. बाबा सायलेंसर घेतायत? लाइक, फॉर मर्डर?"

"कानासाठी रे."

"अँड माय नेम इज ऑन इट? आई, कॅलिफोर्नियात हे इल्लीगल आहे!"

"तुला तिकडे न्यायचा नाहीचे. फक्त नाव आहे. तुझं नाव आपल्या वॉशिंग मशीनवरपण आहे."

"सो आय हॅव टू राइट टू द पोलीस चीफ, की माझ्या पेरेंट्सच्या सायलेंसरमध्ये माझा शेअर आहे?"

असं म्हटल्यावर ते जरा विचित्र वाटलं खरं. पण मी माघार घेतली नाही. त्यानं ठसे द्यायला तीन आठवडे लावले. फोटो पाठवला तो चुलतभावाच्या लग्नातला, फेटा बांधलेला आणि बाजूला अर्धी वहिनी आलेली. दुकानदारानं परत पाठवला. दुसऱ्यात गॉगल होता. फेब्रुवारी संपला. आमच्या मागून रांगेत उभे राहिलेले टोपीवाले आपापले सायलेंसर घेऊन गेल्याचं शेजारी येऊन सांगायचे. नवरा ऐकायचा, म्हणजे त्यांच्या ओठांकडे बघायचा, आणि मान हलवायचा. "पोराचं नाव काढून टाक ना आता," असं तो एकदाच म्हणाला. पण ट्रस्टचे कागद नोटरीपुढे होऊन गेले होते आणि ते बदलायचे तर सगळं पहिल्यापासून. मार्चच्या शेवटी अर्ज गेला आणि एप्रिलच्या शेवटी परवानगी आली. मुलाला त्याच्या पोलीसप्रमुखाकडून काहीच उत्तर आलं नाही. त्याचं त्याला थोडं वाईट वाटलेलं दिसलं.

मे महिन्यातल्या पहिल्या रविवारी आम्ही त्या शेतावर गेलो. मी आयुष्यात पहिल्यांदा त्याच्याबरोबर नेमबाजीला गेले. शेजारी होते. कुंपणापलीकडे तीन घोडे गवत खात होते. त्यानं ती काळी नळकांडी रायफलीच्या तोंडावर सावकाश फिरवून बसवली. मी आणलेले बोळे त्याच्या कानात मीच घातले, वरून मफ लावले आणि स्वतःलाही लावले. त्यानं दहा गोळ्या झाडल्या. कागदावर आठ भोकं एका रुपयात मावतील इतकी जवळ पडली. तीस-चाळीस वर्षांनी हात तसाच होता. त्याचा चेहरा बघून मला इतका आनंद झाला की डोळ्यांत पाणी आलं.

मग त्यानं मफ काढले, बोळे काढले.

"एकदा तरी ऐकू दे," तो म्हणाला, "काय घेतलंय ते."

मी नको म्हटलं. शेजारी म्हणाले, या हळू जाणाऱ्या, कमी आवाजाच्या गोळ्यांना आणि या नळकांडीला हरकत नाही, एक होऊ दे. मीही माझे मफ काढले. त्यानं नेम धरला, श्वास सोडला आणि चाप ओढला. मला ते स्वच्छ ऐकू आलं. टेबलावर जाड वही आपटावी तसा फट्ट आवाज झाला, आणि मग गोळी बांधाच्या मातीत शिरल्याचा आवाजही आला. एका घोड्यानं मान वर करून आमच्याकडे पाहिलं.

नवरा रायफल तशीच धरून उभा होता. मग त्यानं वळून मला विचारलं, "झाली का?"

शेजारी आपल्या बुटांकडे बघायला लागले. मी मान हलवली. त्यानं कागदाकडे पाहिलं, नवं भोक दिसलं आणि त्याचा चेहरा उजळला.

"अरे बाप्पा!" तो ओरडला. "काय भारी चीज आहे! मला तर काहीच ऐकू नाही आलं. तुला?"

"मलाही नाही," मी म्हटलं, आणि मग त्याला कळावं म्हणून त्याच्या समोर जाऊन, ओठ नीट हलवून पुन्हा एकदा म्हटलं.