चौथा खाना

भुताखेताच्या गोष्टी सांगणाऱ्याला तोंडावर हसणारा माणूस आहे मी, हे आधीच सांगतो. आमचं घर बौद्ध. बाबांनी देवघर नावाची वस्तू घरात येऊ दिली नाही, मग भूत कुठून येणार? त्यात माझी नोकरी वरठीच्या एका कारखान्यात, इन्स्ट्रुमेंटेशनमध्ये... जे मीटरवर दिसत नाही ते नाही, असा माझा सरळ कारभार. या सदरात लोक “मीसुद्धा मानत नव्हतो” असं लिहून पुढच्या ओळीत पांढऱ्या साडीतली बाई उभी करतात, तेव्हा खाली कमेंटमध्ये मी त्यांची यथेच्छ खिल्ली उडवलेली आहे. आता त्यांनी माझी उडवावी. तक्रार नाही.

भंडारा रोड स्टेशनच्या पलीकडे आमचं घर आहे. समोरच्या खोलीत माय राहायची. वय अठ्ठ्याहत्तर, कान शाबूत, जीभ त्याहून शाबूत. आयुष्यभर विड्या वळल्यामुळे तिच्या बोटांची टोकं इतकी निबर झाली होती की मोबाइलचा टच तिला ओळखायचाच नाही. ती बोट दाबायची, फोन ढिम्म. म्हणून तिच्यासाठी जुना डीव्हीडी प्लेअर ठेवला होता. त्याच्या रिमोटला खरी बटणं होती आणि ती तिला चालवता यायची.

बाबा आमच्या गावातल्या विहारात गायचे. जयंतीची गाणी, लग्नाची, दंडार या आमच्याकडच्या लोकनाट्यातली, बायांच्या मंडळाची, अशा कॅसेटी त्यांनी दोन लोखंडी पेट्या भरून ठेवल्या होत्या. दोन वर्षांपूर्वी मी ठरवलं की हे सगळं डिस्कवर घ्यायचं. टेपच्या हेडफोनच्या भोकातून वायर काढून लॅपटॉपला जोडली आणि सुटीच्या दिवशी एकेक कॅसेट उतरवत बसलो. कोऱ्या सीडी तर आता मिळतच नाहीत. भंडाऱ्यात एका फोटो स्टुडिओवाल्याने माळ्यावरून धूळ खाल्लेली थप्पी काढून दिली, तीही “हे कोन वापरते आता, साहेब?” असं विचारून.

आता माझी खोड सांगतो, कारण सगळं तिच्यावरच अडतं. मला गोष्टी लावून ठेवायला आवडतात. घरात डाळीच्या डब्यांवरसुद्धा माझ्या अक्षरातल्या चिठ्ठ्या आहेत, बायको छाया त्यावरून मला सारखी चिडवते. तर मी सहा फोल्डर केले, प्रत्येकाला आधी नंबर, मग नाव. प्लेअरला देवनागरी वाचता येत नाही, चौकोन दाखवतो, म्हणून नावं इंग्रजी अक्षरांत. आमच्यात गेलेल्या माणसाच्या नावाआधी कैलासवासी लावत नाहीत, कालकथित म्हणतात. त्याचं मी केके केलं. पहिला फोल्डर ‘०१ केके बाबा’. दुसरा जयंती, तिसरा बाया, चौथा लग्न, पाचवा दंडार, सहावा किरकोळ. मायला इंग्रजी येत नव्हतं, पण मोजता यायचं. फोल्डरला ती खाना म्हणायची. “खालचं बटन तीनदा दाबलं का लग्नाचा खाना,” असं तिने पाठ करून टाकलं होतं.

पेट्या रिकाम्या करताना तिने एकदाच विचारलं, “सुनंदाची नाही का त्यात?”

सुनंदा माझी मोठी बहीण. मी म्हणालो, बुरशी लागली होती ना माय त्या कॅसेटला, तेव्हाच सांगितलं होतं मी. माय उठली. पेटीचं झाकण लावून बाहेर गेली.

इथे थोडं मागचं सांगावं लागेल, आणि ते सांगायला मला लाज वाटते. सुनंदाताई बायांच्या मंडळात गायची. तिचं लग्न ठरलं तेव्हा बाबांनी विहारात स्टुलावर टेप ठेवून तिची एक कॅसेट भरून घेतली. माय समोर बसली होती. गाणं सुरू करण्याआधी ताई हसून म्हणाली होती, “माय, आयकून राहिली ना तू? हे तुह्यासाठी हाये.” तेही त्यात आलं होतं. कोणी चुकून पुसू नये म्हणून बाबांनी कॅसेटच्या वरच्या कडेचे दोन्ही तुकडे मोडून टाकले. कॅसेटच्या काळातल्या लोकांना आठवत असेल... ते मोडले की टेपचं लाल बटण दाबलंच जात नाही. आणि ज्याला पुसायचंच आहे, तो त्या भोकांवर चिकटपट्टी लावतो.

मी लावली. तेव्हा मी एकोणीस वर्षांचा होतो, रेडिओवर सिनेमाची गाणी लागणार होती आणि कोरी कॅसेट नव्हती. ताई पवनीला सासरी नांदत होती. येईल दिवाळीला, पुन्हा गाईल, त्यात काय एवढं, असं मला वाटलं. तिला कावीळ झाली आणि ती दिवाळीच्या आधीच गेली. तिच्या पुण्यानुमोदनाला, म्हणजे मृत्यूनंतरच्या कार्यक्रमाला, बाबांनी कॅसेट मागितली तेव्हा मी सांगितलं की बुरशी लागून खराब झाली. ताईचा आवाज दुसरा कुठेच नव्हता.

तर डिस्क तयार झाली. फायनलाइज केली, म्हणजे बंद केली. एकदा बंद केली की तिच्यात नंतर काही घालता येत नाही. लॅपटॉपवर सहा फोल्डर मोजले, मायच्या हातात दिली आणि मी फर्स्ट शिफ्टला निघून गेलो. साडेतीनला घरी आलो तर माय वैतागलेली.

“तू सहा खाने म्हनला होता. मी सात मोजले. चवथ्यात कायीच वाजत नाही अन् लग्नाचे गाने पाचव्यात गेले.”

मला वाटलं तिचीच मोजायला चूक झाली. टीव्ही लावला. सात होते. चौथ्या जागी ‘०४ केके सुनंदा’, आणि त्याच्या खालचे सगळे नंबर एकेकाने पुढे सरकलेले. लग्न पाच, दंडार सहा, किरकोळ सात. नंबर, नाव, केके... सगळी माझीच पद्धत. मीच केलं असावं असंच दिसत होतं. मी बटण दाबलं.

आधी विहारातला गलका, बांगड्यांचा आवाज, कोणीतरी खोकलं. मग – “माय, आयकून राहिली ना तू? हे तुह्यासाठी हाये.”

मी खाली बसलो. छाया स्वयंपाकघरातून हात पुसत आली आणि कोण गातंय, किती गोड आवाज आहे, असं विचारू लागली. तिने ताईला कधी पाहिलंसुद्धा नव्हतं. मी मायकडे बघितलं. ती खाटेवर बसून टीव्हीकडे बघत होती. थोड्या वेळाने माझ्याकडे वळून म्हणाली, “लाव ना मंग. कायची वाट पाहून राहिला?”

गाणं चालू होतं. आवाज पूर्ण वाढवला, खिडकीच्या काचा थरथरल्या. मायला काही नाही. पाचव्या खान्यातलं लग्नाचं गाणं लावलं तर म्हणाली, हळू कर, कान फाटतात. परत चौथा... परत काही नाही. छायाने शेजारच्या कांताबाईंना बोलावून आणलं. त्या ताईसोबत मंडळात गायच्या. दारातूनच त्यांनी ऐकलं आणि तोंडाला पदर लावून रडायलाच लागल्या. रडता रडता त्या ताईच्या मागे कोरस धरू लागल्या, त्यांना शब्द पाठ होते. आणि माय एका रडणाऱ्या बाईकडे आणि आम्हा दोघांकडे आळीपाळीने बघत होती. ते बघणं मी विसरू शकत नाही.

मी जे जे करता येण्यासारखं होतं ते केलं. डिस्क लॅपटॉपमध्ये घातली तर तिथे सहाच फोल्डर दिसले. प्लेअरमध्ये घातली की सात. प्लेअर चालू असताना फोनवर रेकॉर्ड केलं, त्यात पंख्याचा आवाज आणि कांताबाईंचे हुंदके तेवढे आले. जुनी कॅसेट पेटीच्या तळाशी अंथरलेल्या कागदाखाली चिकटपट्टीसकट सापडली, ती दोन्ही बाजूंनी लावून ऐकली. सिनेमाचीच गाणी. कारखान्यात आमच्या सेक्शनमधल्या एका हुशार माणसाने सेशन, इंडेक्स वगैरे डिस्कवरच्या याद्यांचं बरंच समजावलं. पण डिस्कवर तो आवाज घालायला आधी तो कुठेतरी असायला हवा होता.

मायला भंडाऱ्याला कानाच्या डॉक्टरांकडे नेलं. हेडफोन लावून बारीक आवाज ऐकवले, ती प्रत्येक वेळी बोट वर करत होती. वयाच्या मानानं उत्तम आहे, असं डॉक्टर म्हणाले. घरी आल्यावर छायाला तिने पाणी आणायला पाठवलं आणि मग मला म्हणाली:

“बुरशी लागली म्हनला होता ना तू? मी लावून पायली होती ते कॅसेट. सिनेमाचे गाने वाजत होते.”

मी दाराकडे बघितलं, छाया येते का ते.

“तवा मी चूप राहिली. एक लेकरू तं गेलंच होतं, दुसऱ्याले काहून घालवू? पन आता या वयात माही थट्टा कायले करतं, बाबू? बायकोलेही शिकवलं, कांतालेही शिकवलं.”

मी तिचे पाय धरले. सगळं कबूल केलं. रेडिओ, चिकटपट्टी, दिवाळी, सगळं. आणि ताईची शपथ घेऊन सांगितलं की ती डिस्कवर आहे, ती खरंच बोलते आहे, तुलाच हाक मारते आहे. यापेक्षा कबूल केलं नसतं तर बरं झालं असतं. कारण जो माणूस पंचवीस वर्षं खोटं बोलल्याचं आता मान्य करत होता, तोच त्याच तोंडाने सांगत होता की माझ्यावर विश्वास ठेव. माय म्हणाली, “सोड पाय,” आणि भिंतीकडे तोंड करून झोपली.

पण नाद तिनेही सोडला नाही. रोज दुपारी जेवण झालं की म्हणायची, लाव चौथा. मी किंवा छाया लावायचो. ती डोळे मिटून बसायची. पहिल्या गाण्याआधी ताई विचारायची, आयकून राहिली ना तू? आणि ज्या बाईला विचारलेलं असायचं ती आम्हाला विचारायची, सुरू झालं का? छाया हो म्हणायची आणि आत निघून जायची. मी मात्र तिथे बसायचो, ती शिक्षा माझी होती. नऊ गाणी. नऊच्या नऊ मला ऐकू यायची, ज्याने ती पुसली त्याला. कधी कधी मला ताईचा राग यायचा, हेही सांगून टाकतो. बोलायचंच होतं तर मायशी बोलायचं होतं, माझ्या कानाशी कशाला?

असे दोन महिने गेले. माय जेवेनाशी झाली. एका रविवारी दुपारी तिने लाव म्हटलं. मी उठलो, डिस्क घातली, बटण दाबायला गेलो आणि लाइट गेली. पंखा हळूहळू थांबला. टीव्ही काळा, प्लेअरचा लाल दिवासुद्धा बंद. मी सांगणार होतो की लाइट गेली, थांब जरा. तेवढ्यात माय बोलली. डोळे मिटलेलेच होते.

“हो, बेटा. आयकून राहिली मी.”

मग बराच वेळ ती तशीच बसली. मांडीवर तिचं बोट हलत होतं, ताल धरल्यासारखं. शेवटी तिने डोळे उघडले, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, “आयकली रे बाप्पा. माय म्हनली ती. बंद कर आता.”

मी बंदच असलेल्या प्लेअरचं बटण दाबलं. पंखा थांबला आहे हे तिला कळलं नसेल का? घाम तर तिलाही आला होता. मी विचारलं नाही. त्या दिवसानंतर तिने चौथा खाना कधी लावायला सांगितला नाही, माझ्याशी पूर्वीसारखी बोलू लागली, माझ्या हातून पेज प्यायली. तीन आठवड्यांनी ती गेली.

तिला खरंच ऐकू आलं की माझ्यावरचं ओझं उतरवायला ती खोटं बोलली, हे मला आजपर्यंत ठरवता आलेलं नाही. छाया म्हणते, ऐकू आलं. कांताबाई म्हणतात, ऐकू आलं. मला तर सात खाने कुठून आले हेच समजलेलं नाही, पुढचं काय सांगू? कोणाला समजत असेल तर खाली लिहावं, फक्त सेशन आणि इंडेक्स लिहू नये.

मायच्या पुण्यानुमोदनाला आम्ही ती डिस्क लावली. चौथा खाना उघडला. बाया डोळे पुसू लागल्या, कांताबाईंनी कोरस धरला. छाया माझ्या कानाशी वाकून म्हणाली, ताई किती छान गातात ना... मी स्पीकरच्या अगदी जवळ बसलो होतो. मला फक्त कांताबाई ऐकू येत होत्या.

तेव्हापासून तसंच आहे. डॉक्टरांकडे जाऊन आलो, कान उत्तम आहेत. छाया अधूनमधून दुपारी चौथा खाना लावते आणि विचारते, “ऐकताय ना?”

मी हो म्हणतो.