चोरून घेतलेल्या सुया

उस्मानपुऱ्यातल्या सोनोग्राफीच्या डॉक्टरांनी माझ्या डाव्या छातीवरून यंत्र फिरवलं आणि पडद्याकडं बघत म्हणाले, "कॅन्सरसारखं काही दिसत नाही. गायनेकोमॅस्टिया आहे."

"म्हणजे काय?"

"पुरुषाच्या छातीतली स्तनाची ग्रंथी वाढते. बाईसारखी."

मला शेवटचा शब्द तेवढा ऐकू आला. कॅन्सर नाही, हे डोक्यात शिरायला दोन दिवस लागले. शिरलं, तेव्हा पटलं नाही. डॉक्टर काहीतरी लपवतात असंच वाटत राहिलं.

मी गुलमंडीत पुरुषांचे कपडे शिवतो. वय त्रेचाळीस. दिवसभर दुसऱ्यांच्या छातीची मापं घ्यायची, आणि स्वतःचे शर्ट मात्र तीन महिन्यांपासून पुढून ढिले शिवत होतो. सुरुवात ठणक्यानं झाली. बॅगेचा पट्टा घासला तरी कळ यायची. मग स्तनाग्राखाली वाटाण्याएवढं काही हाताला लागलं, पुढं त्याची लिंबाच्या चकतीएवढी गाठ झाली.

त्याआधी दीड वर्ष मी टेस्टोस्टेरॉनच्या सुया घेत होतो. टेस्टोस्टेरॉन म्हणजे पुरुषाच्या अंगात तयार होणारं हार्मोन. माझ्यात ते फारच कमी होतं. जिना चढला तरी थकवा, दाढी विरळ, कशातच मन नाही. हार्मोनच्या डॉक्टर मॅडमनी तपासण्या करून सांगितलं, की अठराव्या वर्षी मला गालफुगी झाली होती तेव्हाच अंडकोशांना इजा झाली असणार. वीर्यात शुक्रजंतू नव्हते. मूल नसण्याचं कारण तेच.

हे मी घरी सांगितलं नाही. लग्नाला सतरा वर्षं झालेली. माझी आई बायकोला, सुनंदाला, नवस सांगायची आणि मी पेपर वाचत बसायचो. आता कोणत्या तोंडानं बोलणार? "ताकदीची सुई आहे," एवढंच मी सुनंदाला सांगितलं.

गाठ निघाल्यावर माझा पहिला संशय मला सुई टोचणाऱ्या हर्सूलच्या कंपाउंडरवर गेला. पुरुषाच्या औषधानं बाईसारखी छाती येईलच कशी? यानं सुई बदलली.

"दादा, औषध तर तुम्हीच आणता," तो म्हणाला. "मी फक्त टोचतो."

मग मेडिकलवाला नकली माल देतो असं वाटलं. दोन दुकानांतल्या कुप्या शेजारी ठेवून मी भिंगानं लेबलं वाचली. अक्षर न् अक्षर सारखं. मग मॅडमच चुकल्या असतील असं वाटलं. माझ्या शिवणाच्या दुकानात दोन गिऱ्हाइकं हसली, की माझा हात आपोआप शर्टाच्या बटणावर जायचा.

एक दिवस घरी आलो तर सुनंदा जुन्या शिलाई मशीनचा खण उघडून बसलेली. रिकाम्या कुप्या मी तिथं लपवत होतो. कचऱ्यात टाकल्या तर तिला दिसतील म्हणून.

"ही ताकदीची सुई नाय," ती म्हणाली. "शेजारच्या नर्सताईला दाखवली मी. कुठल्या बाईचा रोग घेऊन आलाय? खरं सांगा."

"माझ्या वस्तू धुंडाळतेस?" मी उलटा तिच्यावरच चढलो. शिवाय नर्सताईनं गल्लीभर सांगितलं असणार, हा नवा घोर लागला. आठ दिवस आम्ही एकमेकांशी बोललो नाही.

मॅडमकडं जायच्या दिवशी सुनंदा चपला घालून दारात उभी. "मी येणार. तुमच्यावर माझा भरोसा नाय राहिला."

वेटिंग रूममध्ये आम्ही मध्ये एक खुर्ची सोडून बसलो. आत मॅडमनी तपासलं, रक्ताचा रिपोर्ट बघितला. "रक्त सुईच्या आदल्या दिवशी दिलंत ना? तेव्हा ते सगळ्यात कमी असायला हवं. मग टेस्टोस्टेरॉन एवढं वर कसं? एस्ट्राडायोलही वाढलंय." एस्ट्राडायोल म्हणजे मुख्यतः बायकांच्या शरीरातलं हार्मोन, पुरुषांत ते थोडंसंच असतं. "सुई किती दिवसांनी घेता?"

"तुम्ही लिहिलंय तशी. तीन आठवड्यांनी."

सुनंदानं रिकाम्या कुप्यांची पिशवी टेबलावर ओतली. "मॅडम, एवढ्या निघाल्या घरात."

मॅडमनी मोजल्या. हव्या होत्या त्याच्या दुप्पट होत्या. मग मला खरं बोलावं लागलं. सुई घेतली की दहा दिवस अंगात जोर असायचा, तिसऱ्या आठवड्यात पुन्हा मरगळ. म्हणून एकच चिठ्ठी दोन मेडिकलांत दाखवून मी दर दहा दिवसांनी सुई घेत होतो.

"जास्तीच्या टेस्टोस्टेरॉनपैकी काही भाग शरीर स्वतःच एस्ट्राडायोलमध्ये बदलतं," मॅडम म्हणाल्या. "त्यानं छाती वाढली. औषध कुणी बदललं नाही. प्रमाण तुम्ही बदललंत."

"पण ही सुई लागली कशामुळं?" सुनंदानं विचारलं.

मॅडमनी माझ्याकडं बघितलं. "तुम्ही सांगता का?"

मी सांगितलं. गालफुगीपासून शुक्रजंतूंपर्यंत सगळं. सुनंदा उठून बाहेरच्या बाकावर जाऊन बसली. परतताना रिक्षात एकदाच बोलली. "सतरा वर्षं मी उपास केले. अन् तुम्हाला दीड वर्षापासून माहीत व्हतं."

डोस कमी झाला, सुयांमधलं अंतर पुन्हा ठरलं, आणि टॅमॉक्सिफेन नावाची गोळी सुरू झाली. "ही तर ब्रेस्ट कॅन्सरची," मेडिकलवाला सहज बोलला. म्हणजे शेवटी तेच निघालं! गोळी न घेताच मी दोन दिवस काढले. सुनंदानं मॅडमना फोन लावून स्पीकरवर ठेवला. मॅडमनी समजावलं, की ही गोळी स्तनातल्या पेशींवर एस्ट्रोजेनचा, म्हणजे एस्ट्राडायोलसारख्या बायकांच्या हार्मोनचा, परिणाम होऊ देत नाही, म्हणून त्या कॅन्सरलाही चालते आणि माझ्यासारख्या छातीलाही. छाती वाढायला लागून फार दिवस झाले नसतील तरच उपयोग होतो.

महिन्याभरात ठणका गेला. पाच महिन्यांत गाठ बरीच बसली, थोडी उरलीय. ऑपरेशननं निघेल, पण मला गरज वाटत नाही.

हार्मोनच्या सुया घेणाऱ्यांना माझं सांगणं एवढंच: छाती दुखली की लगेच दाखवा, आणि डॉक्टरांना खऱ्या तारखा सांगा. मी सगळ्यांना तपासत फिरलो, स्वतःला सोडून.

दिवाळीनंतर आई सुनंदासाठी कुठला तरी अंगारा घेऊन आली. मी म्हणालो, "आई, दोष तिच्यात नाही. माझ्यात आहे."

"हिनंच शिकवलं तुला हे."

मी रिपोर्ट आणला आणि तिला समजेल अशा शब्दांत वाचून दाखवला. आईनं कागद हातात घेऊन उलटसुलट बघितला. वाचता तिला येत नाही. मग अंगाऱ्याची पुडी तिनं कनवटीला परत खोचली आणि सुनंदाला म्हणाली, "मला तरी काय म्हाईत व्हतं, बाई."

सुनंदा उठून आत गेली. तिचं रडणं आम्हा दोघांनाही ऐकू येत होतं. दोघंही जागचे हललो नाही.

ती अजून माझ्यावर पूर्ण विश्वास ठेवत नाही. सुईची तारीख कॅलेंडरवर स्वतः लिहिते, कंपाउंडरकडं सोबत येते, रिकामी कुपी मागून घेते. पण परवा वेटिंग रूममध्ये मधली खुर्ची तिनं रिकामी सोडली नाही. मला एवढं पुष्कळ आहे.