आर्चीच्या शवपेटीची दोरी

लॅकी इमरी फुटबॉलच्या मधल्या फळीत खेळायचा. गोल मारणाऱ्याचं नाव पेपरात येतं, मधल्याच्या वाट्याला नुसता चिखल. अंगावर कोणी धावून आलं की चेंडू दुसऱ्याच्या पायात सरकवायचा, हा त्याचा धंदा, आणि त्यात तो पटाईत होता. त्या जोरावर तो किनहेवनसारख्या मासेमारीच्या गावातून ग्लासगोच्या मोठ्या क्लबात गेला, स्कॉटलंडकडूनही दोनदा खेळला आणि गुडघे झिजेपर्यंत त्याने मैदान सोडलं नाही.

पण ग्लासगोला जाण्याआधीची एक दुपार त्याच्या मानगुटीवरून कधी उतरली नाही. कपचा सामना बरोबरीत सुटून पेनल्टीवर आला होता. शेवटची पेनल्टी नेहमी लॅकीची. ग्लासगोच्या क्लबाचा माणूस त्याचा खेळ पारखायला आलेला. चुकली तर सगळंच मुसळ केरात, या भीतीने त्याला घेरलं. मांडीचा स्नायू धरलाय, असं त्याने मॅनेजरला सांगून टाकलं. धादांत खोटं. मग बचावफळीतला वॉटी गौरले पुढे झाला. वॉटी म्हणजे लॅकीचा शाळेपासूनचा दोस्त, आणि नाही म्हणणं त्याच्या रक्तातच नव्हतं. त्याने मारलेला चेंडू गोलवरून थेट बंदराच्या रस्त्यावर गेला.

गावाने वॉटीला माफ केलं नाही. पाव घ्यायला गेला तरी कोणीतरी विचारायचंच, चेंडू सापडला का रे? त्याचा बाप आर्ची जन्मभर एकाच बाकावर बसून सामने बघत आलेला. त्याने मैदानाकडे फिरकणंच सोडलं. लॅकी सुट्टीवर आला की मात्र म्हातारा त्याला आग्रहाने घरात बोलवायचा. या खेपेला सांगून टाकू, असं लॅकी दर वेळी ठरवायचा आणि दर वेळी चहा पिऊन, स्कोन खाऊन परत जायचा. दुसरा कोणी असा वागला असता, तर त्याला त्याने भित्रा म्हटलं असतं.

मग आर्ची गेला. वॉटीने फोन करून सांगितलं, की शवपेटी दोऱ्यांनी कबरीत सोडताना एक दोरी लॅकीने धरायची. हा मान घरच्या माणसांचा. पण म्हाताऱ्यानेच तसं सांगून ठेवलं होतं, गावाचं नाव काढलं पोराने, म्हणून. लॅकीला नाही म्हणायला तोंडच उरलं नाही.

दोरी हातातून सरकत गेली तसं त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सगळे रिवाजाप्रमाणे जेवायला हॉटेलाकडे निघाले तेव्हा त्याने वॉटीला दफनभूमीच्या फाटकाशी थांबवलं.

"वॉटी, त्या दिवशी माझ्या पायाला काही झालं नव्हतं."

वॉटीने काळा टाय सैल केला. "माहीत आहे मला."

"कधीपासून?"

"मी चुकलो तेव्हा मला सावरायला सगळ्यांच्या आधी तूच पळत आलास. मांडी धरलेला माणूस असा पळतो होय?"

"मग बोलला का नाहीस, गाढवा?"

"काय बोलणार? चुकला आणि वर दुसऱ्याचं नाव घेतोय, म्हणाले असते. म्हटलं, उद्या तूच सांगशील."

लॅकी माफी मागू लागला, तर वॉटीने त्याला हातानेच थांबवलं.

"माझं सोड. पेनल्टी मी मारली, मीच चुकलो. पण आमचा बाप मान खाली घालून जगला रे. त्याला एकदा सांगायला हवं होतंस."

एवढं बोलून तो हॉटेलाकडे चालू लागला. त्याच्यामागे जायला लॅकीचे पाय उचलेनात. त्याने वळून पाहिलं, तर तिकडे खड्ड्यात माती पडायला लागली होती.