एलिओदोरोचं सुमर्से

टोटा सरोवराच्या काठच्या आमच्या गावात गोड बोलायला कुणाला शिकवावं लागत नाही. 'सुमर्से' हा शब्द आम्ही आईला, नवऱ्याला, पाद्र्याला, दारात आलेल्या अनोळखी माणसाला, सगळ्यांनाच लावतो. 'आपण' म्हणावं तसा, पण त्यात पाठीवरून हात फिरवल्यासारखी माया असते. एलिओदोरो सियाचोके तर बैलालाही सुमर्से म्हणायचा. "सुमर्से, जरा पाय उचला," असं तो चिखलात रुतलेल्या बैलाला समजावायचा आणि आम्ही बायका कांदे सोलता सोलता हसायचो.

एबर्तो मालकाच्या छपरात तो पातीच्या कांद्याचे भारे ट्रकवर रचायचा. एकदा दोर तुटला आणि तो भाऱ्यांसकट खाली आला. डोकं अंगणातल्या फरशीवर आपटलं. शहरातल्या इस्पितळात तो कितीतरी दिवस बेशुद्ध होता. मग डोळे उघडले, बोलू लागला, चालू लागला. गावाने मेणबत्त्या लावल्या, चमत्कार म्हणून गाव नाचलं. घरी आला तो एलिओदोरोचा लोकरी रुआना पांघरलेला कुणी दुसराच.

पहिल्याच सकाळी तो रोसाल्बिनाला, स्वतःच्या बायकोला, "तू मीठ घातलं नाहीस," म्हणाला आणि वाडगा भिंतीवर फेकला. तिने मला सांगितलं, की वाडग्याचं काही वाटलं नाही, 'तू' मात्र अंगावर सांडलं. पुढे त्याची आई गेली तेव्हा तो प्रेतामागे जांभया देत चालला, आणि मध्येच कसलंसं आठवून खो खो हसला. चिडला की दाराला बुक्क्या मारायचा, घटकाभराने काही घडलंच नाही असा जेवायला बसायचा. रोसाल्बिना डॉक्टरांकडे गेली. डॉक्टरांनी मानही वर केली नाही. चालतोय, जेवतोय, बोलतोय, बाईला अजून काय हवंय, असं त्यांनी विचारलं.

गाव त्याच्याही पुढचं. गाव म्हणू लागलं, याचा खरा स्वभाव बाहेर आला.

हे वाक्य ऐकलं की माझ्या हातातली सुरी आजही थांबते. म्हणजे हा माणूस आयुष्यभर जसा वागला ते खोटं, आणि फरशीने एका क्षणात जे केलं ते खरं? दगडावर इतका विश्वास, आणि माणसावर एवढासुद्धा नाही.

भारे उचलणं संपलं होतं, पण त्याचे हात शाबूत होते. रोसाल्बिनाने त्याला आपल्या शेजारी, सोलणाऱ्या बायकांच्या रांगेत बसवलं. ती एक जागा होती म्हणून तो मोकळा होता. घरी एकटा सोडला तर चूल पेटती ठेवून पाण्याकडे चालत सुटायचा. ती जागा गेली असती तर तिला त्याला कोंडूनच कामाला यावं लागलं असतं.

एक दिवस तो बेर्तिल्दा आजीला म्हणाला, "ए म्हातारे, किती बडबडतेस. तुझ्या तोंडाला कांद्याचा वास येतो."

"येणारच की," आजी म्हणाली. "सुमर्सेंच्या तोंडाला काय गुलाबाचा येतो?"

आजी हसली, पण बाकीच्या कुजबुजल्या आणि गोष्ट मालकापर्यंत गेली. दुसऱ्या दिवशी मालक आला, टोपी काढून रोसाल्बिनासमोर उभा राहिला.

"सुमर्से, वाईट वाटून घेऊ नका. त्यांचा खरा स्वभावच बाहेर आला. उद्यापासून सुमर्से एकट्याच या. त्यांना घरात ठेवा, बाहेरून कडी घाला. सुमर्सेंच्याच भल्याचं सांगतोय."

आवाज लोण्यासारखा. रोसाल्बिना उठली.

"त्यांचा पाय मोडला असता, तर हा मुळात लंगडाच होता, असं म्हणाला असतात का?"

"तसं नाही, सुमर्से..."

"तू ऐक," ती म्हणाली.

सगळ्या सुऱ्या थांबल्या. मालकाला 'तू' म्हटलेलं त्या छपराने कधी ऐकलं नव्हतं.

"तुझ्या ट्रकवरून पडले ते. तुझ्या कुजक्या दोरामुळे. त्यांचा तो 'सुमर्से' शब्द तुझ्या फरशीवर सांडला. तुझ्या तोंडात तो अजून आहे, आणि त्याच तोंडाने तू माणसाला कडी घालायला सांगतोस."

मालकाने आमच्याकडे पाहिलं. कुणी सुरी हलवली नाही. बाहेर ट्रकवाला हॉर्न वाजवत होता; माल अजून निम्माही सोलून झाला नव्हता. मालकाचे कान लाल झाले. त्याने टोपी घातली.

"बसू दे," तो फरशीकडे बघत म्हणाला आणि बाहेर गेला.

संध्याकाळपर्यंत गावभर झालं, की रोसाल्बिनाचाही खरा स्वभाव बाहेर आला. तिच्या डोक्याला तर साधं खरचटलंही नव्हतं, पण एवढा विचार कोण करतो.

छपरात मात्र मालक बाहेर पडताच एलिओदोरो एकटाच मोठ्याने हसला होता, नको तेव्हा हसतो तसा. मग त्याने कोपराने बेर्तिल्दा आजीला ढोसलं.

"ए म्हातारे, कांदे सरकव इकडे."

"घ्या, सुमर्से," आजी म्हणाली आणि अर्धा ढीग त्याच्यापुढे ढकलला.