चाचांनी बसवलेला दात

भोरमध्ये माझा दातांचा दवाखाना होता आणि आठवड्यातून एकदा वेल्ह्याला जायला एक जुनी पेट्रोल जीप. दोन हजार सालाच्या पुढेमागे माझा एक शाळूसोबती माझ्या मागे लागला. तो पुण्यात गाड्यांना कॉम्प्युटर बसवायचा. "कार्ब्युरेटर काढून टाक. पेट्रोल किती द्यायचं, ठिणगी कधी पाडायची, सगळं कॉम्प्युटर ठरवेल." कार्ब्युरेटरनं माझं काहीच वाईट केलं नव्हतं, पण नव्या वस्तूला नाही म्हणणं मला कधी जमलं नाही.

त्यानं सामान दिलं. त्यात मुख्य म्हणजे एक दातेरी चाक आणि बोटाएवढा सेन्सर. चाक इंजिनाच्या पुढच्या पुलीवर बसवायचं, म्हणजे ते क्रँकबरोबर, इंजिनाच्या मुख्य दांड्याबरोबर, फिरतं. सेन्सर त्याच्या समोर, जरासं अंतर ठेवून. चाकाचा एक दात मुद्दाम ठेवलेलाच नसतो. ती रिकामी जागा समोरून गेली की कॉम्प्युटरला कळतं, क्रँक आत्ता कुठं आहे.

चाकाचं मधलं भोक पुलीला लहान पडत होतं, म्हणून ते मी एसटी डेपोजवळच्या लेथवाल्या चाचांकडे दिलं. चाचांच्या हातचं काम म्हणजे बघत राहावं असं. चाक परत आलं ते पुलीवर अगदी चपखल बसलं. सेन्सर लावला, वायरी जोडल्या, स्टार्टर मारला. इंजिन नुसतंच गरगरलं.

मग सगळा दोष सेन्सरचा. अंतर कमी केलं, वाढवलं, वायरी उलट जोडल्या, स्टार्टर मारून मारून बॅटरी उतरवली. मित्रानं दुसरा सेन्सर पाठवला, तोही तसलाच निघाला. शेवटी एका रविवारी तो स्वतः लॅपटॉप घेऊन आला आणि पुली हातानं फिरवत चाकाकडे बघत राहिला.

"रिकामी जागा कुठाय रे?"

जागा नव्हती. सगळे दात जागच्या जागी होते. इतके दिवस रोज मी त्या चाकावर वाकत होतो, आणि म्हणे दातांचा डॉक्टर!

चाक काढून आम्ही दोघं चाचांकडे गेलो. ते खूश झाले. "ध्यानात आलं म्हना की! एक दात पडल्याला व्हता. दातांच्या डॉक्टरच्या गाडीला असलं बोळकं कसं द्यायचं? वेल्डिंग मारून बसवला."

"चाचा, तो नकोच होता. कुठला बसवलाय, तेवढं सांगा."

चाचांनी चाक उजेडात फिरवून पाहिलं. "न्हाई कळायचं. कळलं तर ते काम कसलं?"

मित्र म्हणाला, कुठलाही काढला तरी चालेल, रिकामी जागा कुठल्या कोनात आहे ते कॉम्प्युटरला सांगता येतं. चाचांनी चाक माझ्या हातात ठेवलं. "चांगला दात मी न्हाई काडनार. ते तुमचं काम."

चाक त्यांच्याच व्हाइसच्या पकडीत धरून, त्यांच्याच लोखंड कापायच्या करवतीनं मी एक दात कापला. तेवढा वेळ चाचा बाहेर जाऊन उभे राहिले.

दुपारी जीप सुरू झाली. आधी सायलेन्सरमधून एक बार उडाला, शेजारचे बाहेर आले. मित्रानं लॅपटॉपवर कोन बदलला आणि इंजिन सुरळीत चालू लागलं.

पुढच्या आठवड्यात वेल्ह्याला जाताना मार्गासनीला चहाला थांबलो. बातमी माझ्या आधीच तिथं पोचली होती. हॉटेलवाल्यानं मला बॉनेट उघडायला लावलं आणि बराच वेळ आत पाहिलं.

"मंग डॉक्टर, आता काय येगळं हुतं?"

"पहिल्या फटक्यात सुरू होते."

"आन आदी?"

"आधी दुसऱ्या."

त्यानं मान डोलावली आणि आत कोणी आजारी निजलं असावं तसं बॉनेट हलक्या हातानं लावून टाकलं.