पाशामियाँचा लिंब

नांदेडकडून जाताना लोह्याच्या अलीकडं एक बाजाराचं गाव आहे. तिथं लिंबाखाली पाशामियाँ बैलांच्या खुरांना पत्र्या ठोकायचे. बाप हेच करायचा, आजाही. गिऱ्हाइकाला हाका मारायची वेळ या घरावर कधी आली नव्हती. बैल लंगडला की धनी त्याला घेऊन आपसूक लिंबाखाली यायचा.

गेल्या पावसाळ्यात एका मिरवणुकीवरून गावात दगडं चालली. दुकानं बंद, पोलिसांच्या गाड्या, मग शांतता कमिटीची बैठक. पुढाऱ्यांनी एकमेकांना पेढे भरवले, फोटो काढले आणि भांडण मिटल्याचं जाहीर झालं. मिटलंही असेल. पण लिंबाखाली बैल येईनात. जाऊ नका असं कुणी कुणाला सांगितलं नव्हतं. प्रत्येकाला वाटायचं, आधी दुसऱ्यानं जावं, मग आपण.

त्यात मल्लिकार्जुन बोलेनासा झाला. त्याचं चहाचं हॉटेल लिंबासमोरच. पत्र्या ठोकायला बैल आडवा पाडायचा तर दोर ओढायला दुसरा गडी लागतो, आणि इतकी वर्षं तो गडी म्हणजे मल्लिकार्जुन. दगडं चालली त्या दिवशी पाशामियाँच्या गल्लीतल्या पोरांनी त्याच्या हॉटेलाचं काचेचं कपाट फोडलं. पाशामियाँ तेव्हा नांदेडला लेकीकडं होते. परत आल्यावर त्यांनी रस्त्यावरूनच दोनदा सलाम केला. मल्लिकार्जुन दोन्ही वेळा उकळत्या चहाकडं बघत राहिला.

"केळ्याचा गाडा लावा आता," त्यांची बायको रईसा म्हणाली.

"केळं लंगडत न्हाई, रईसा." असं म्हणून ते रोज हत्यारं घेऊन निघायचे, रिकामे परतायचे आणि भाजीत मीठ कमी असल्याचं सांगायचे.

माळेगावची जनावरांची जत्रा तोंडावर आली आणि एका सकाळी धोंडाबाई उगवल्या. शेजारच्या वाडीतल्या शेषेरावांची बायको. हातात कासरा, मागं थोराड लालकंधारी बैल, पुढचा पाय जपून टाकत.

"शेषेराव न्हाई आले, भाभी?"

"त्यांना लोक काय म्हणतील याचं पडलंय. बैलाला न्हाई. जत्रंत दाखवायचाय, ठोका पत्र्या."

"ठोकतो. पण पाडायला गडी कुठाय?"

धोंडाबाईंनी रस्त्यापलीकडं हाक दिली. "मल्लिकार्जुना, ये, दोर धर."

"गिऱ्हाईक हाय, काकू."

हॉटेलाच्या बाकावर एक कुत्रं तेवढं झोपलं होतं. धोंडाबाई त्या कुत्र्याकडं बघत उभ्या राहिल्या. मल्लिकार्जुन हात पुसत आला.

दोघांनी एकमेकांकडं न बघता दोर ओढला. सवयीचे हात, बैल अलगद कुशीवर आला. मल्लिकार्जुननं मान दाबून धरली, पाशामियाँनी खूर तासायला घेतला. तोच बैलानं असा हिसडा दिला की पाशामियाँ धुळीत बसले आणि त्यांची टोपी बैलाच्या पोटाखाली गेली.

"मान सोडलीस का रे?"

"दोर तुम्हीच ढिला बांधला, पाशाभाई."

"म्या? कधी बांधला ढिला?"

"दरवेळी. बोललो न्हाई इतकंच."

धोंडाबाई तोंडाला पदर लावून हसल्या. मग त्या दोघांनाही आवरेना.

शेवटचा खिळा वळवून पाशामियाँ हळूच म्हणाले, "मल्लू, काचा फुटल्या तव्हा म्या तुझ्यापाशी येऊन बसाया पाहिजे होतं. लांबून नुसता सलाम करून गेलो."

"हाव," मल्लिकार्जुन म्हणाला. "वाट बघून राहिलो होतो."

आणि तो चहा टाकायला गेला.

सगळं पहिल्यासारखं झालं असं नाही. काही वाड्यांचे बैल पत्र्यांसाठी अजून अहमदपूरकडं जातात, गल्लीतली काही पोरं त्या हॉटेलासमोरून मान खाली घालून जातात. पण पुढच्या बाजाराला लिंबाखाली बैलजोड्या उभ्या होत्या. जत्रेला शेषेराव स्वतः टेम्पो घेऊन आले. बैलाशेजारी पाशामियाँची हत्यारं आणि मल्लिकार्जुनची शेगडीही चढली.

बैलाला बक्षीस मिळालं नाही. परतीच्या वाटेवर शेषेराव परीक्षकांना शिव्या घालत होते, मल्लिकार्जुन पत्र्यांना नावं ठेवत होता, आणि पाशामियाँ रईसासाठी घेतलेला रेवड्यांचा पुडा निवांत हलका करत होते.